साहेब, त्या भीतीला आदर म्हणू नका

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
सांगली जिल्हा, विश्रामबाग, सांगली.

महोदय,


आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर अधूनमधून एक व्हिडिओ येतो. चार-पाच पोरं, वयं अठरा-एकोणीस, हात जोडलेले, एक-दोघं लंगडणारी, दोन्ही बाजूंना खाकी आणि मागे दणकेबाज गाणं. कुणी कोयता नाचवत रील केलेलं असतं, कुणी भर चौकात तलवारीनं केक कापलेला असतो, कुणी खरोखरच मारामारी करून कुणाचं तरी डोकं फोडलेलं असतं. त्यांची त्यांच्याच भागातून धिंड काढलेली असते. व्हिडिओ कधी पुण्याचा, कधी नाशिकचा, कधी आपल्या बाजूचा. खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली टाळ्यांची. दुसरी माझ्या वयाच्या कुणाची तरी: आमच्या वेळी हवालदार गल्लीच्या तोंडाला दिसला तरी चड्डी ओली व्हायची. मास्तर फोडून काढायचे, घरी सांगितलं तर बाप वर दोन ठेवून द्यायचा. म्हणून आमची पिढी सुधारली. आताच्या पोरांना कुणाचा धाकच राहिला नाही.

ही साक्ष तुमच्या कानावर रोज पडत असणार. सत्काराच्या भाषणात, शांतता समितीच्या बैठकीत, नाक्यावर. लोकांना हेच हवंय असं खात्याला वाटलं तर नवल नाही. पण ते बालपण माझंही होतं, आणि त्यात पोलिसांविषयी आदर नावाची गोष्ट मी पाहिलेली नाही. भीती होती, रग्गड होती. त्या भीतीनं आम्ही सरळ झालो नाही, लांब राहायला तेवढं शिकलो. आम्हाला वळण लावणारी माणसं निराळीच होती, आणि त्यांच्या अंगावर वर्दी नव्हती.

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. कमरेला आकडा, डोक्याला पटका आणि हळदीच्या हंगामात पाठ, मान, कानाच्या पाळ्या सगळं पिवळं. क्विंटलचं पोतं पाठीवर घ्यायचे दिवस होते ते. आमच्या गल्लीत निम्मे हमाल, काही मिलमधले, दोन टांगेवाले आणि एक बँडमधला क्लॅरिनेटवाला. बायका शेंगा फोडायला नाहीतर हळद निवडायला जायच्या. दिवसभर घरात मोठं माणूस नसायचं, तरी पोरं मोकाट नव्हती. दारात वाकळ शिवत बसलेली म्हातारी हीच आमची चौकी. अनोळखी पोरगं गल्लीत शिरलं की ती सुई न थांबवता विचारायची, "कुणाचं रं तू?" या एका प्रश्नात सगळा कायदा होता. बापाचं नाव सांगितलं की सुटका, आणि संध्याकाळी त्याच बापाच्या कानावर तुमचा दिवसभराचा हिशेब. आगाऊपणा केला तर ती पाठीत धपाटा घालायची, दुसऱ्या दिवशी त्याच पोराला भाकरीवर तेल-चटणी द्यायची. आणि तिचा हात जास्त जोरात पडला तर आमची आई नळावर तिच्याशी भांडू शकत होती. भांडायचीही, चांगली अर्धा-अर्धा तास. मारणाऱ्याला जाब विचारता येत होता, ही त्या वळणातली मुख्य गोष्ट. व्हॉट्सॲपवरच्या आठवणींत धपाटा शिल्लक राहिलाय आणि नळावरचं भांडण गळालंय.

शाळेतल्या छडीविषयी मात्र मला हळवं होता येत नाही. "हाडं तेवढी आमची ठेवा मास्तर, कातडं तुमचं" असं आमचेच पालक सांगायचे हे खरं. चिंचेची फोक आम्हालाच आणायला लावायचे, अंगठे धरून उभं करायचे, पट्टी आडवी नाही तर उभी मारायचे. पण हिशेब पुरता मांडूया. आमच्या वर्गातली जी पोरं त्या माराला कंटाळून सहावी-सातवीत गेली, ती गॅरेजला लागली, हॉटेलात कपबशा विसळायला लागली, काही पुढं दारूत संपली. जी टिकली ती आज शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आहेत आणि छडीनं आम्हाला घडवलं असं लिहिताहेत. मोडलेली पोरं त्या ग्रुपवर नाहीत, मग त्यांची साक्ष कोण काढणार? याच जिल्ह्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० ला जन्मलेले अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवसच गेले, आणि मास्तरांनी केलेल्या शिक्षेनं त्यांची शाळा सुटली, ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात मोठ्या अभिमानानं सांगतो. ते अण्णा भाऊ होते म्हणून शाळेबाहेर राहूनही लेखक झाले. बाकीच्यांचं काय झालं ते कुठल्या भाषणात येत नाही. शिक्षणहक्क कायद्यानं २००९ साली शाळेतली मारहाण बंद केली ते बरंच झालं. आमच्या पिढीच्या निम्म्या माणसांना ते अजून पटलेलं नाही.

आता पोलिसांकडे येतो. सत्तरच्या दशकात आमच्यासारख्यांचा खात्याशी संबंध यायचा तो मुख्यतः सायकलीमुळं. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागायचा. अंधार पडल्यावर दिवा लागायचा. डबलसीट गुन्हा होता. ज्याच्याकडे डायनॅमोला पैसे नाहीत तो रात्रपाळीचा कामगार हातात मेणबत्तीचा कागदी कंदील धरून एका हातानं सायकल हाणायचा, कायदा पाळला जावा म्हणून. हाफचड्डीतला हवालदार कोपऱ्यावर उभा असायचा. पावती फाडण्यापेक्षा त्याला सोपं काम म्हणजे चाकाचा व्हॉल्व्ह काढून खिशात टाकणं. मग शिफ्ट संपवून आलेला माणूस दोन-तीन मैल सायकल ढकलत घरी. पावती नाही, कागद नाही, तक्रार कशाची करणार? मोटारीतल्या माणसाला रस्त्यात कधी असं पायी चालावं लागल्याचं मी तरी पाहिलं नाही.

नववीत असताना मी आणि माझा एक मित्र वडिलांच्या सायकलवरून डबलसीट येताना सापडलो. संध्याकाळ झालेली, दिवा नाही. एका चौकीत नेलं. जागा सांगत नाही, तिथल्या माणसांपैकी आता बहुधा कुणी हयात नसेल. त्या आठवड्यात कुठं तरी डायनॅमो चोरीला गेले होते. हवालदारानं मला विचारलं, कुठं राहतोस, बाप काय करतो. मी गल्ली सांगितली, वडील कुठल्या अडतीवर आहेत ते सांगितलं. अडत्याचं नाव ऐकल्यावर त्यानं मला बाकावर बसवलं. मित्रानं त्याच्या वस्तीचं नाव सांगितलं. त्यानंतर त्याला काही विचारलंच नाही, आतल्या खोलीत नेलं.

वडील आले ते थेट यार्डातून, पिवळेच. दारातच पटका काढून काखेत धरला. समोरचा जमादार त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असेल. "चुकलं साहेब, पोरगं हाय." मला सोडलं, पण वडील हलले नाहीत. "दुसरं बी पोरगं हाय न्हवं," म्हणाले. त्यावर त्यांना बाहेर जायला सांगितलं. ते अडत्याकडे गेले, त्याची चिठ्ठी घेऊन परत आले. रात्री दहाच्या सुमाराला मित्र बाहेर आला तेव्हा त्याचे दोन्ही तळहात सुजले होते, सायकलचं हँडल धरता येत नव्हतं. डायनॅमो त्यानं चोरले नव्हते हे त्या वेळी चौकीतल्यांनाही कळलेलं असणार, नाहीतर चिठ्ठीवर कुणी सोडलं नसतं. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही.

त्या रात्री मला घरी मार पडेल असं वाटलं होतं. वडील एवढंच म्हणाले, "साहेबाच्या पुढनं आन् घोड्याच्या मागनं जायचं न्हाई." त्याच्या महिनाभर आधी शेजारणीच्या पाटीतले दोन पेरू न विचारता उचलले म्हणून त्यांनी मला कमरेच्या पट्ट्यानं फोडला होता. पेरूची गोष्ट आपल्या माणसांतली होती, तिथं इज्जतीचा प्रश्न होता. चौकीची गोष्ट म्हणजे गारपीट. आली, झोडपून गेली, त्यात शिकण्यासारखं काही नाही.

मित्राची वस्ती कुठली असं तुम्ही विचाराल म्हणून थोडं मागं जातो. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. जन्मावरून माणूस चोर ठरवण्याची सरकारी सोय. आपल्या भागातले रामोशी, मांग, पारधी, कैकाडी यांतल्या कितीतरी घरांवर त्याचा शिक्का बसला. गावकामगार पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. अण्णा भाऊंची 'फकिरा' १९५९ साली आली, राज्य शासनाचं पारितोषिक मिळालं, आपण ती पराक्रमाची कादंबरी म्हणून वाचतो. तिच्यात ही हजेरीसुद्धा आहे: आपला बाप रोज सरकारपुढं उभा राहून मी इथंच आहे असं सांगतो, हे बघत वाढलेली पोरं. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर हा कायदा रद्द झाला. माझ्या मित्राचे तळहात सुजले ते त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी. कायदा गेला तरी ठाण्यातल्या डोक्यातली वही तशीच राहिली होती. धाकाची महती सांगणारे माझ्या वयाचे लोक बहुतेक त्या वहीत नाव नसलेल्या गल्ल्यांतले आहेत, एवढं ध्यानात ठेवून त्यांचं ऐकावं.

दुसरी गोष्ट, जी तुम्ही बाहेरून बदलून आला असाल तर कदाचित विचित्र वाटेल. या जिल्ह्यानं लहान पोरांपुढं जे आदर्श ठेवले ते सगळे एकेकाळी पोलिसांना हवे असलेले लोक होते. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ ला तेव्हाच्या सांगली संस्थानाच्या तुरुंगातून, म्हणजे गणेशदुर्गातून, तटावरून खंदकात उड्या टाकून साथीदारांसह पळाले. पाठलागात दोघं साथीदार मारले गेले, दादांना खांद्यात गोळी लागली. तेच दादा पुढं मुख्यमंत्री झाले आणि गृहखातं त्यांच्या हाताखाली आलं. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. वर्षानुवर्षं भूमिगत, डोक्यावर बक्षीस, नंतर दोनदा खासदार. कुंडलच्या तुफान सेनेनं शेणोलीला रेल्वे लुटली ती ७ जून १९४३ ची गोष्ट आमच्या आजीच्या तोंडी काल घडल्यासारखी असायची. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजला आणि पाठोपाठ इस्लामपूरला मोर्च्यांवर गोळ्या झाडणारे पोलीस तिनं तरुणपणी ऐकलेले. तिच्या माहेरी पोलीस आला की लहान पोरांना एकच वाक्य पाठ करून ठेवलेलं: "आमास्नी ठाव न्हाई." ज्या भागात चार-पाच वर्षांच्या मुलाला पहिली देशभक्ती म्हणून गप्प बसणं शिकवलं, तिथं स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्दीकडे बघायची नजर एका रात्रीत कशी बदलेल? १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. कागदावरची हद्द बदलली, गप्प बसायची सवय राहिली. पुढं बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकरांवर खुनाचे गुन्हे असताना, पोलीस मागावर असताना, याच वाळवा तालुक्यात त्यांना भाकरी मिळत राहिली. त्यांनी जन्मठेप भोगली, २०१८ मध्ये ते गेले. खुनाचं समर्थन मी करत नाही. पण गावाला फिर्यादीपेक्षा फरारी जवळचा का वाटला, याचा अभ्यास खात्यानं करायला हरकत नव्हती.

आम्ही चिठ्ठ्यांचा खेळ खेळायचो, राजा, प्रधान, शिपाई, चोर. शिपायाची चिठ्ठी आली की पोरं तोंड वाकडं करायची. चोर ओळखायची जबाबदारी त्याची, आणि नाव चुकलं तर त्याचेच गुण जायचे. जत्रेच्या तंबूत वग लागायचा त्यात हवालदार म्हणजे हमखास बावळट. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' दादा कोंडक्यांनी हवालदार होऊन गावोगाव गाजवलं, मग १९७५ साली 'पांडू हवालदार' आला आणि सबंध महाराष्ट्रात पोरं हवालदाराच्या पाठीमागून पांडू म्हणून ओरडून पळायला लागली. सायकलीच्या व्हॉल्व्हचा सूड लोकांनी थिएटरात घेतला. तुमच्या शिपायांना याचा त्रास झाला असेल, पण दिवसा ज्याच्यापुढं पटका काढायचा त्याच्यावर रात्री हसता आलं नसतं, तर लोकांनी जास्त वाईट काहीतरी केलं असतं असं मला वाटतं.

आणि तो हवालदार तरी कोण होता? आमच्यातलाच. पोलीस लाइनीतली दोन पोरं माझ्या वर्गात होती. त्यांच्या चड्ड्यांना आमच्याइतकीच ठिगळं. त्यांच्यातल्या एकाचा बाप रात्रपाळी करून यायचा आणि दिवसा साहेबाच्या बंगल्यावर भाजी आणायला जायचा. पोराच्या पाठीवर पट्ट्याचे वळ आमच्यापेक्षा जास्त. खालच्या पोलिसानं मान वर केल्यावर काय होतं तेही आम्ही पाहिलं: ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांच्या संघटनेवर बंदी आली, शिपाई रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावं लागलं. त्याच वर्षी गिरणी संप चालू होता आणि सातारा-सांगलीकडची माणसं वळकट्या घेऊन एसटीनं गावाकडं परतत होती. दोन्हीकडची कुटुंबं एकाच मुलखातली, कधी कधी एकाच घरातली. तुमच्या खात्यातल्या शिपायाला संघटना आजही नाही. ज्याला स्वतःचं गाऱ्हाणं मांडायची जागा नाही त्याच्या हातात आपण दुसऱ्याचं गाऱ्हाणं देतो.

माझ्या वडिलांचं मात्र उतारवयात एक झालं. १९६९ च्या माथाडी कायद्यानंतर हमालांच्या संघटना वाढल्या, यार्डात हमाली दरावरून बोलणी होऊ लागली. सही न करता अंगठा देणारा हा माणूस त्या बैठकांतून एक शब्द उचलून आला: "लेखी." तोलाईचा वाद असो, रेशनचं कार्ड असो, ते म्हणायचे, "लेखी द्या." एकदा यार्डातल्या भांडणावरून हमालांना ठाण्यात बोलावलं तेव्हा दहा-बाराजण मिळून गेले. त्या दिवशी वडिलांनी पटका काढला नाही. आवाजही चढवला नाही. जबाब लिहून घ्या आणि वाचून दाखवा म्हणाले, आणि समोरच्या अधिकाऱ्यानं वाचून दाखवला. घरी आल्यावर वडील त्या अधिकाऱ्याविषयी चांगलं बोलले. मला आठवतंय तोवर त्यांनी पोलिसाविषयी चांगलं बोलण्याची ती पहिली वेळ.

आता धिंडीकडे येतो. लोक टाळ्या वाजवतात हे मी नाकारत नाही. आमच्या जिल्ह्यात तर त्याला परंपरा आहे. नाना पाटलांच्या पत्री सरकारनंही तळपायावर मार देऊन न्याय केला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्या मारावर मी आंधळेपणानं गौरव लिहिणार नाही. न्यायदान मंडळं होती तशा चुकाही झाल्या असणार, हाणामारीच्या न्यायात त्या होतातच. पण तिथं मार कुणाला पडला? सावकाराला, खबऱ्याला, बायकांवर हात टाकणाऱ्या गावगुंडाला. म्हणजे ज्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती त्याला. आजच्या व्हिडिओत लंगडताना मी अजून एकही बिल्डर पाहिलेला नाही, एकही वाळूचा ठेकेदार नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये येऊन मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला. असला माल ज्यांच्या पैशावर फिरतो त्यांची मिरवणूक निघालेली कुणी पाहिली आहे का? चालवतात ते झोपडपट्टीतलं पोरगं, ज्याच्या बापाला आजही अडत्याच्या चिठ्ठीची गरज पडेल.

आणि टाळ्यांचा भरवसा धरू नका. २०१७ च्या नोव्हेंबरात याच शहरात कोठडीतल्या एका तरुणाचा जीव गेला आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचं उघडकीस आलं. उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली. तेव्हा मोर्च्यात चालणारे लोक आणि एरवी "दोन ठेवून द्या साहेब" म्हणणारे लोक वेगळे नव्हते. आतल्या खोलीत दोन ठेवून देण्याची मोकळीक समाजानं दिली की ती दोनवर थांबत नाही.

पोरांचं वागणं काळजीचं आहे, हे मला मान्य आहे. नशा आहे, कोयता आहे, पोरी त्रासलेल्या आहेत. २०१६ साली कोल्हापूर परिक्षेत्रात निर्भया पथकं सुरू झाली तेव्हा माझी भाची कॉलेजात होती. ती आजही त्यांचं नाव चांगल्या शब्दांत घेते आणि मी तिच्याशी वाद घालत नाही. पथक वेळेवर येत होतं, फोन उचलत होतं, तिचं ऐकून घेत होतं. टपोऱ्यांना काढायला लावलेल्या उठाबशांचा तिच्या बोलण्यात उल्लेखही नसतो.

पहाटे साडेपाचला कुठल्याही मैदानावर गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. हमालांची, गवंड्यांची, ऊसतोड्यांची पोरं पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावताहेत. तासगाव, विटा, जत, सगळीकडे अकादम्या आहेत. आमच्या पिढीनं ज्या वर्दीपासून पळ काढला तिच्याकडे ही पोरं पळताहेत, कारण गल्लीतून बाहेर पडायचा तोच एक रस्ता त्यांना दिसतो. आमच्याच गल्लीतला एक जण लेखी परीक्षेत बसला, धावण्यातही चांगले गुण मिळाले. त्याच्या नावावर विसर्जन मिरवणुकीतल्या हाणामारीचा गुन्हा होता, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीचा. चारित्र्य पडताळणीत अडकला. आता डिलिव्हरीची गाडी चालवतो. गुन्हा नोंदवू नका असं मी म्हणत नाही. पण एफआयआरनं ज्याचं पुढचं आयुष्य एवढं बदलतं, त्याच्याकडून वर धिंडही कशाला वसूल करायची? शिक्षा ठरवायला न्यायालय आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनं तर किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षाही आणली आहे. त्यात कॅमेरा लावायची तरतूद नाही.

अठराच्या आतल्या पोराविषयी तर कायदा अगदी स्वच्छ आहे आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे त्याला कोठडीत ठेवता येत नाही, त्याची ओळख उघड करता येत नाही, त्याच्याशी बोलणाऱ्या अधिकाऱ्यानं वर्दीत असू नये असं नियम सांगतात. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला हवा. तो कोण हे आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नाही. मी विचारून पाहिलं. त्याचं नाव आणि नंबर ठाण्याच्या दारावर आणि महापालिकेच्या प्रत्येक शाळेच्या फळ्याशेजारी मोठ्या अक्षरात लिहावा. एका गल्लीचा बीट अंमलदार निदान दोन-तीन वर्षं तोच ठेवावा. 'कुणाचं रं तू' विचारण्यासाठी आधी माणसं ओळखावी लागतात, आणि दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या शिपायाला वस्तीचं नाव तेवढं कळतं.

२०१९ च्या महापुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेली तेव्हा तुमच्या खात्यातली पोरं छातीभर पाण्यातून म्हाताऱ्यांना उचलून आणत होती. आमच्या गल्लीतल्या बायका त्यांना नावानं ओळखायला लागल्या होत्या, एकाला तर अजून संक्रांतीला तिळगूळ जातो. पूर ओसरला, बदल्या झाल्या, ओळख तुटली. ती ओळख टिकवायला पुराची वाट बघायची गरज नाही.

याखेरीज विनंत्या दोनच आहेत. आपल्या जिल्ह्यात कुणाही आरोपीची धिंड काढली जाणार नाही आणि तिचं चित्रीकरण खात्याकडून पसरवलं जाणार नाही, असं परिपत्रक आपण काढावं. आणि गणपतीआधीच्या शांतता समितीच्या बैठकीत मंडळांच्या अध्यक्षांबरोबर त्या वस्त्यांतली अठरा-वीस वर्षांची चार पोरंही खुर्चीवर बसवावीत, आधी त्यांना बोलू द्यावं. ती उर्मटपणे बोलतील, फोनकडे बघत बोलतील, तुमच्या शेजारी बसलेले आमच्या वयाचे लोक कपाळाला आठ्या घालतील. तरीही.

परिपत्रक निघालं तर त्याची एक प्रत मला पाठवावी. निघणार नसेल तर का नाही तेही कळवावं. दोन्ही लेखी.

आपला,
मार्केट यार्डातल्या एका हमालाचा मुलगा,
सांगली